२३ कॅरेक्टर, ४० हजार रुपये आणि फुटाळ्यात उतरणारं यान

पत्र असं आहे:

"ताई, मी २४ वर्षांचा, मिहानमधल्या एका कंपनीत नाइट शिफ्ट करतो, शनिवार-रविवार सुट्टी. दोन वर्षं घासून सायन्स फिक्शन फिल्मची स्क्रिप्ट लिहिली, ११० पानं. २०९० चं नागपूर, पेंच धरण आटलेलं, फुटाळा तलावात एलियनचं यान उतरतं, रोबो पोलीस आहेत, एकूण २३ कॅरेक्टर. मित्राकडे कॅमेरा आहे, माझ्याकडे साठवलेले ४० हजार. प्लॅनिंग कुठून सुरू करू? फुकटात चांगले कलाकार कुठे मिळतील? नाटकात काम करणारी एक मुलगी हिरॉइनसाठी हो म्हणाली होती, तिने स्क्रिप्ट मागितली तर मी म्हटलं सरप्राइज आहे, आता मेसेज बघते पण रिप्लाय देत नाही. मामा म्हणतात एक लाख देतो पण मामेभावाला हिरो घे. की हिरो मीच करू? 'प्रायमर'मधे तर डायरेक्टरच हिरो होता. स्क्रिप्ट जोडतोय. — २०९० मधला नागपूरकर"

अरे नागपूरकरा, पूर्ण वाचली रे स्क्रिप्ट. आणि सगळ्यात आधी हे सांगते की तुला लिहिता येतं. तुझी माणसं आपल्याकडची माणसं बोलतात तशीच बोलून राहिली आहेत, २०९० मधे पण पाण्याच्या रांगेत भांडताना "का बे, तुयं नाव काय चिठ्ठीत आहे का" म्हणतात, हे मला फार आवडलं. हे मुद्दाम आधी सांगतेय कारण पुढचं वाचून तुझं तोंड उतरणार आहे.

ही ११० पानांची फिल्म आत्ता होणार नाही. हिशोब बघ ना. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असं ढोबळमानाने धरतात, म्हणजे पावणेदोन तासांची फिल्म. नवीन टीमने दिवसाला ४ पानं उरकली असं धरू, आणि हे मी फार उदारपणे धरतेय, तरी २८ दिवस झाले. तुझ्याकडे फक्त शनिवार-रविवार, म्हणजे १४ आठवडे सलग, साडेतीन महिने, त्यात कोणाच्या घरी लग्न नाही, कोणाला डेंगू नाही, कोणाची परीक्षा नाही, कोणाची पुण्याला बदली नाही, आणि हे सगळं २३ जणांचं, वर फुकट. बाप्पा! आपल्याकडे २३ लोकं फुकटात एका दिवसासाठी सावजीच्या जेवणाला पण वेळेवर जमत नाहीत.

बजेट ४० हजार आहे म्हणतोस, पण तो झाला वरखर्च. नो-बजेट फिल्मला जे खरं लागतं ते म्हणजे दुसऱ्यांचे रविवार. लोक ते देतात, आनंदाने देतात, पहिला देतात, दुसरा देतात, आणि तिसऱ्याच्या सकाळी फोन स्विच ऑफ लागतो. त्यात त्यांची काहीच चूक नाही. आठवडाभर नोकरी करून मिळालेला एक दिवस त्यांनी तुला दिलाय, तू तो "अजून लाइट लावतोय, जरा थांबा" म्हणत घालवला तर पुढच्या वेळी का येतील? म्हणून प्लॅनिंग कुठून सुरू करू ह्याचं माझं उत्तर एवढंच की किती लोकांचे किती रविवार मी इमानदारीत मागू शकतो इथून सुरू कर, मग त्यात मावेल तेवढीच गोष्ट लिही. माझ्या अंदाजाने तुला आज ८-९ लोकांचे ६ दिवस मागता येतील, तीन वीकेंड. त्यात बसते १४-१५ पानांची शॉर्ट फिल्म.

आणि ती तू ऑलरेडी लिहिलेली आहेस, पान ६७ बघ. पाणीवाटपाच्या कंट्रोल रूममधे रेवती एकटी नाइट शिफ्टला बसलीय, शहरात आठवड्याला माणशी एक कॅन पाणी मिळतं, आणि तिला तक्रारीचा फोन येतो. एक म्हातारी बाई चिडून बोलून राहिली, "अवो, टाकी भरून वाहून राहिली कवापासून, मोटार बंद करायले कोनी येता का नाही?" आणि मागे पाणी वाहण्याचा आवाज. रेवतीला वाटतं कोणी मस्करी करतंय, मग हळूहळू कळतं की हा फोन ७० वर्षांपूर्वीच्या नागपुरातून आलाय. तू हा सीन दीड पानात गुंडाळून लगेच एलियनकडे पळालास! अरे तिथेच थांब. यान नको, रोबो नको, फुटाळा तर नकोच. ज्या बाईने आयुष्यात वाहतं पाणी पाहिलं नाही ती कानाला फोन लावून टाकी ओसंडताना ऐकतेय, ह्याच्यापेक्षा जास्त सायन्स फिक्शन तुला ४० हजारात मिळणार नाही आणि खरं सांगू तर ४० कोटीत पण मिळायची गॅरंटी नाही. एक खोली, एक चेहरा, फोनवरचा एक आवाज, फारतर अधूनमधून डोकावणारा एक सुपरवायझर. आणि नाइट शिफ्टचं तुला सांगायला नको, पहाटे तीन वाजता माणूस कसा बसतो, घड्याळाकडे कसं बघतो, मशीनचा चहा कसा लागतो, हे तुला पाठ आहे.

अशा गोष्टीत अशक्य वाटणारी बाब एकच ठेवावी आणि तिचा नियम आधी पक्का करावा. फोन कधी लागतो, कोण कोणाला लावू शकतं, रेवतीने इकडून काही सांगितलं तर तिकडचं बदलतं का. हे तुझं तुला वहीत लिहून ठेवलेलं पाहिजे, प्रेक्षकाला सगळं सांगायची गरज नाही. उगाच क्वांटम-बिंटम करत बसू नको. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, खगोलशास्त्रज्ञ माणूस, पण विज्ञान त्यांनी मराठी वाचणाऱ्या साध्या माणसाला समजेल असंच मांडलं. तू तर शास्त्रज्ञ पण नाहीस, मग भारी शब्द कशाला.

आता २०९० दाखवायचं कसं, तर खोलीतूनच. खिडकीबाहेर काही दाखवायचं असेल तर स्थिर फोटो वापर. 'ला जेते' नावाची १९६२ ची फ्रेंच फिल्म आहे, २८ मिनिटांची, भविष्यातली, ती जवळजवळ पूर्ण स्थिर फोटोंवरच आहे. उन्हाळ्यात तळाला गेलेला एखादा तलाव, कोराडी वीज केंद्राचे टॉवर लांबून, मिहानचे रिकामे रुंद रस्ते, असे फोटो काढून ठेव, मशीनवर झूम करून दाखवले की कंट्रोल रूमच्या पडद्यावरचे फीड वाटतील. टॉवरचे फोटो सार्वजनिक रस्त्यावरूनच काढ, वीज केंद्राच्या गेटवर कॅमेरा घेऊन उभा राहिलास तर सिक्युरिटीवाले रास्तच चौकशी करतील. मेट्रोमधे परवानगीशिवाय शूटिंग चालत नाही. ड्रोनचं तर नावच काढू नको, फुटाळ्याला लागून वायुसेनानगर, इकडे सोनेगावला विमानतळ, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवर झोन बघावा लागतो, तू विचार न करता उडवलास तर एलियनच्या आधी दुसरेच लोक उतरतील. आणि लोणारचा मोह पण आवर, स्क्रिप्टमधे परग्रह म्हणून टाकलंयस ते. जागा अद्भुत आहे, पण अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते, आणि १० लोकांना तिथवर नेऊन-आणून खाऊ घालण्यातच तुझे निम्मे पैसे संपतील.

कंट्रोल रूमसाठी कोणाचा कोचिंग क्लास बघ जो रविवारी बंद असतो, किंवा एखादं रिकामं ऑफिस. भंगारवाल्याकडून जुने सीपीयू, कीबोर्ड, मीटरचे डबे घे. काही खास बनवायचं असेल, म्हणजे ते सील लावलेलं पाण्याचं कॅन वगैरे, तर चितार ओळीत जा. गणपती-देवीचा सीझन संपला की तिथल्या कारागिरांना जरा वेळ असतो, आणि माती, कागद, पीओपी, रंग ह्यात त्यांचा हात असा बसलेला आहे की इंटरनेटवर बघून तू महिनाभर जे चिकटवशील ते ते दोन दिवसात करून देतात. पण त्यांना पैसे द्यायचे हं. कलाकार हौसेने येतील, कारागिराचं ते पोट आहे.

आता कास्टिंग. ह्यावर जास्त बोलते कारण नवीन पोरं कॅमेऱ्यावर सहा महिने चर्चा करतात आणि कास्टिंग एका संध्याकाळी कट्ट्यावर उरकतात.

"फुकटात चांगले कलाकार" हे शब्द आधी डोक्यातून काढ. पैसे देऊ शकत नाहीस ना, मग दुसरं काय देतोयस ते सांगता आलं पाहिजे. नागपुरात नट भरपूर आहेत रे. राज्य नाट्य स्पर्धा करणारे ग्रुप आहेत, बँका, वीज कंपनी, कामगार कल्याणच्या स्पर्धांमधून वर्षानुवर्षं कामं करणारी मंडळी आहेत, कॉलेजच्या एकांकिकावाली पोरं आहेत. सायंटिफिक सभागृहात किंवा देशपांडे हॉलला नाटक बघायला जा, संपल्यावर विंगेत जाऊन भेट, काम आवडलं असेल तर काय आवडलं ते नेमकं सांग आणि मग आपलं बोल. ह्या लोकांना जे सहसा मिळत नाही ते म्हणजे कॅमेऱ्यासमोर एक पूर्ण, नीट लिहिलेली भूमिका. मालिकेत "साहेब, गाडी आली" म्हणायला मुंबईला जाऊन आलेले कितीतरी जण आहेत. तू रेवती देतोयस, १५ मिनिटं फक्त तिचा चेहरा, चांगल्या नटीला ह्याची किंमत कळते. पण वचन तेवढंच दे जेवढं हातात आहे. "फिल्म मोठ्या फेस्टिवलला जाणार", "पुढच्या प्रोजेक्टमधे पैसे देईन", हे बोलू नको, हे प्रत्येकाने प्रत्येकाकडून ऐकलेलं आहे.

आणि रेवती २२ वर्षांचीच का पाहिजे? तुझ्या स्क्रिप्टमधे सगळ्या बायका एकतर २२ च्या नाहीतर ७५ च्या. चाळिशीची रेवती घेतलीस तर रात्रपाळीचा थकवा वेगळा दाखवावा लागणार नाही, आणि शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या, १५ वर्षं रंगभूमीवर असलेल्या बायका तुला मिळतील ज्या वेळेवर येतात, पाठ करून येतात आणि रडारड करत नाहीत.

म्हातारीच्या आवाजासाठी तर सोनं आहे आपल्याकडे. आकाशवाणीवर श्रुतिका केलेली जुनी मंडळी शोध. नुसत्या आवाजातून घर, अंगण, वय, चिडचिड सगळं उभं करायचं हे त्यांचं कसबच. त्यांना सेटवर दिवसभर ताटकळत बसवायचं नाही, घरी जाऊन दुपारी दोन तासात रेकॉर्डिंग होतं, जिना चढायला लावायचा नाही. वऱ्हाडी त्यांची स्वतःची असली पाहिजे एवढं बघ. पुण्याकडच्या टोनमधे "मले-तुले" लावलेलं आपल्या कानाला लगेच टोचतं.

ऑडिशन कशी घ्यायची तर आधी जागा. मित्राच्या फ्लॅटवर घेऊ नको. रिहर्सल हॉल, कॉलेजची खोली, ग्रंथालयाचं सभागृह, जिथे लोकांची ये-जा आहे अशी जागा, दिवसा, आणि टीममधे एखादी तरी मुलगी हजर पाहिजे. येणाऱ्या बाईला आधीच सांग की सोबत कोणाला घेऊन या, बिनधास्त. ऑडिशनचे पैसे कोणाकडून एक रुपया घ्यायचा नाही. उतारा दोन दिवस आधी पाठव, ऐनवेळी कागद हातात देऊन "हं, करा" म्हटलं की तुला फक्त कोणाला भरभर वाचता येतं एवढंच कळतं.

आणि रडायचा सीन देऊ नको, रडून दाखवतात सगळेच. तुझ्या फिल्मला दोन गोष्टी लागतात त्या तपास. पहिली, ऐकणं. कानाला खराखुरा फोन लावायला सांग, दुसऱ्या खोलीतून कोणीतरी खरंच बोलू दे, आणि दोन मिनिटं तिने एक शब्द न बोलता फक्त ऐकायचं. कॅमेरा चेहऱ्यावर. अर्ध्या लोकांचा चेहरा ऐकण्याची ॲक्टिंग करतो, भुवया वर-खाली, मान हलवणं. ज्या बाईकडे बघताना तुला पलीकडचं काय बोललं असेल ते जाणून घ्यावंसं वाटलं ती तुझी रेवती. दुसरी, निरस शब्द खरे वाटणं. सायन्स फिक्शनमधे नटाला "सेक्टर चारची पातळी खाली जातेय" असलं काहीतरी रोजचं असल्यासारखं बोलावं लागतं, तर त्याच्यासाठी महावितरणचं बिल घे आणि मोठ्याने वाचायला लाव, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि सांग की हे वाचता वाचता तुम्हाला कळतंय की काहीतरी भयंकर घडलंय पण समोरच्याला कळू द्यायचं नाहीये. एवढ्यावर सगळं समजतं, आणि लोकांना मजा पण येते.

रंगभूमीवरच्या कलाकारांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा असतो, त्याला घाबरू नको, वाईट नट म्हणून कटाप तर अजिबात करू नको. दुसऱ्या टेकला "मी तुमच्या शेजारीच बसलोय, मलाच सांगा" एवढं म्हण. जो नट एका सूचनेत बदलतो तो घ्यायचा, जो पहिल्यांदाच जोरदार करतो पण दहा वेळा सांगून तसाच करतो तो नाही. आणि ज्यांना घेणार नाहीस त्यांना फोन करून नाही सांग. नागपुरात नाटकवाली लोकं सगळी एकमेकांना ओळखतात, तुझं वागणं तुझ्या आधी पोचतं.

ह्यावरून त्या मुलीचं. तिने स्क्रिप्ट मागितली आणि तू सरप्राइज म्हणालास, तिथेच संपलं रे ते. नटीला स्क्रिप्ट न देणारा डायरेक्टर म्हणजे तिच्यासाठी धोक्याची घंटा आहे, आणि असायलाच पाहिजे. वर तुझ्या पान ८८ वर हिरॉइन पावसात भिजत नाचते. आता पाणी संपलेल्या नागपुरात ती भिजते कशी हा वेगळा प्रश्न, पण असले सीन आधी न सांगता सेटवर काढणारे लोक असतात आणि मुलींना ते माहीत असतं. तिला एकच मेसेज टाक, दिवसा: स्क्रिप्ट तेव्हाच द्यायला पाहिजे होती, सॉरी, आता फिल्म छोटी केलीय, ही पूर्ण स्क्रिप्ट, हे दिवस, हे काम, आवडलं तरच सांगा, नाही म्हटलं तरी हरकत नाही. सोबत पीडीएफ. मग गप बस. परत "हॅलो?" "बघितलं का?" करायचं नाही. ती म्हातारी वाटणार नाही आणि चाळिशीची रेवती पण नाही, तेव्हा खरंतर तिच्यासाठी भूमिका उरते का हेच आधी ठरव, नाहीतर सुपरवायझर बाईच कर ना, पुरुषच कशाला पाहिजे.

मामांचं नाजूक आहे, घरचं प्रकरण. एक लाख म्हणजे तुझ्या अडीचपट पैसे, मोह होणारच. पण नवीन फिल्ममधे हिरोच नाहीये! हे तुझं सगळ्यात मोठं नशीब, मामांना दुखावायची गरजच नाही, "मामा, ती स्टोरीच बदलली, आता एक बाई आहे फक्त" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मामेभावाला खरंच हौस असेल तर त्याला पण बोलव ऑडिशनला, वीजबिल वाचू दे, सगळ्यांसारखं. नाही जमलं तर त्याला प्रॉडक्शन दे. ज्याच्याकडे गाडी आहे आणि ज्याला शहरात चार लोक ओळखतात असा माणूस सेटवर तुझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे मी फार वर्षं पडद्यामागे काम करून सांगतेय. लाख रुपये मात्र घेऊ नको. ज्याचे पैसे असतात तो एडिटिंगच्या वेळी मागे खुर्ची टाकून बसतो.

तू स्वतः हिरो होण्याचं पण असंच सुटलं. 'प्रायमर'चं म्हणतोस तर ते खरं आहे, शेन करूथने लिहिली, दिग्दर्शित केली, मुख्य भूमिका केली, एडिट केली, संगीत पण त्याचंच, साधारण ७ हजार डॉलरमधे, आणि २००४ ला सनडान्समधे ज्युरीचं सगळ्यात मोठं बक्षीस घेऊन गेली. पण त्यातून उचलायचं ते हे की गॅरेज, गोदाम, ऑफिसचे कपडे घातलेली दोन माणसं आणि एक खोका एवढ्यावर त्याने गोष्ट रचली, जे हाताशी होतं त्यातूनच. तू कॅमेऱ्यासमोर गेलास की मागे बघणारं कोणी राहत नाही, पहिल्याच फिल्मला असं करू नको.

स्क्रिप्टमधली दोन लहान मुलं आता तशीही गेली, बरंच झालं. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांवर नाही, नियम चांगले आहेत पण तुझ्या टीमला ते नीट पाळणं झेपणार नाही.

तारखा. मे महिन्यात शूट करतो लिहिलंयस, सुट्ट्या असतात म्हणून. नवतपात, म्हणजे ऐन कडक उन्हाच्या दिवसांत? बंद खोलीत लाइट लावून? आणि ४५ डिग्रीत कूलर बंद ठेवायचा, कारण डेझर्ट कूलरच्या घरघरीत तुझी म्हातारी ऐकूच येणार नाही, सगळी फिल्म ऐकण्यावर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमधे नाटकवाले राज्य नाट्यच्या प्राथमिक फेरीत आणि विद्यार्थी परीक्षेत अडकलेले. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीवर, कामं करणारं कोणी तुला मिळालं, आणि आवाजाने-ताकदीने ते लोक जबरदस्त असतात, तर दिवाळीपासून होळीपर्यंत ते वडसा-गडचिरोलीकडे रात्र रात्र प्रयोग करत असतात, तेव्हा त्यांचा नाद सोड. म्हणजे जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी, पंखासुद्धा बंद ठेवता येतो. त्यातही लग्नाचे मुहूर्त बघून घे, खरंच सांगतेय, बॅन्ड आणि डीजे रेकॉर्डिंगची वाट लावतो. तीन वीकेंड सलग ठेव, मधे गॅप पडला की कोणीतरी केस कापून येतं.

त्याआधी दोन संध्याकाळी बसून पूर्ण वाचन, आणि एक दिवस रिकाम्या खोलीत फोनच्या कॅमेऱ्यावर सगळी फिल्म कच्ची शूट करून टाक. कुठे कंटाळा येतो ते फुकटात कळेल आणि शूटच्या दिवशी "आता इथून घेऊ का तिथून" हा गोंधळ होणार नाही.

टेक्निकल मी थोडक्यात सांगते, तुझा मित्र करेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तर २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा म्हणजे ट्यूबलाइट फडफडणार नाही. फोनवर शूट केलंत तर फ्रेम रेट फिक्स ठेवणारं ॲप घ्या, नाहीतर आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जातात. माइक भाड्याने आणा, तिथे काटकसर नको. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता शांत आवाज रेकॉर्ड करा, एडिटला लागतो. शूटच्या वेळी म्हातारीचे संवाद शेजारच्या खोलीतून कोणीतरी जीव ओतून फोनवर बोला, रेवतीला खरं ऐकू येऊ द्या. टाकीचा आवाज गच्चीवर जाऊन वेगळा घ्या, जवळून, लांबून, प्लास्टिकची टाकी, सिमेंटची टाकी, भरपूर प्रकार, आणि ते पाणी झाडांना घाला. एडिटला दाविंची रिझॉल्व्ह फुकटवालं पुरतं, पडद्यावरचे आकडे-नकाशे ब्लेंडरमधे होतात, ते पण फुकट.

४० हजारांचं मी असं करीन. ९ माणसं, ६ दिवस, माणशी दिवसाला २०० रुपये नाश्ता-चहा-जेवण, झाले १० हजार ८००. पेट्रोल-ऑटोचे ४ हजार. आवाजाचे ६ हजार. दोन हार्डडिस्क ८ हजार, दोन घ्यायच्याच, एकच कॉपी ठेवलेली फिल्म म्हणजे नसलेली फिल्म. सेट-कपडे-चितार ओळ ५ हजार. उरले ६ हजार २००, ते कोणालाही न सांगता बाजूला ठेव. जेवण चांगलं दे, वेळेवर दे. सकाळी तर्री-पोहे ठीक आहेत, दुपारी पण पोहेच आणलेस तर मी तुझ्या बाजूने नाही. रात्री उशीर झाला तर प्रत्येक बाईला घरी सोडायची जबाबदारी टीमच्या एका माणसाची, नाव लिहून. कलाकारांना पैसे द्यायचे नसतील तर कोणालाच देऊ नको, द्यायचे असतील तर सगळ्यांना सारखे. एकाला गुपचूप दोन हजार दिलेले सगळ्यांना तिसऱ्या दिवशी कळतात.

आणि प्रत्येकाशी एक पानाचा कागद कर, साध्या मराठीत. भूमिका, तारखा, मानधन नाही हे स्पष्ट, येण्याजाण्याचं-जेवणाचं कोण करणार, नाव कसं लागणार, फिल्म कुठे कुठे दाखवायला त्यांची परवानगी आहे, आणि उद्या चुकून पैसे आले तर काय. मित्र आहेत म्हणून टाळू नको, मित्रांसाठीच जास्त लागतो. आपल्या फिल्ममधे मागे रेडिओवर जुनं गाणं वाजतं ते काढ, हक्क मिळणार नाहीत, एखाद्या गाणाऱ्या मैत्रिणीला गुणगुणायला सांग, स्वतःची चाल.

थिएटरमधे तिकीट लावून दाखवायची तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, तुला आत्ता त्याची गरज नाही. फेस्टिवलला पाठवायची असेल तर झाल्या झाल्या यूट्यूबवर टाकायची घाई करू नको, बऱ्याच फेस्टिवलना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही. पासवर्डची लिंक ठेव, इंग्रजी सबटायटल कोणा चांगल्याकडून करून घे, वऱ्हाडीचं भाषांतर मशीनवर सोडू नको, "वाहून राहिली"चं ते भलतंच काहीतरी करतं. ११० पानं फाडू नकोस, ठेव कपाटात. १५ पानांचा पहिला ड्राफ्ट झाला की पाठव, फक्त ह्यावेळी पान नंबर नीट टाक, ४१ नंतर परत ३८ येतंय.